पॅसिफिकची 41 खोकी: एका इतिहासकाराचे कागद लावतानाच्या नोंदी

आमच्या शेजारचे प्राध्यापक गेल्या वर्षी गेले. युरोपातली जहाजं पॅसिफिक महासागरात कशी शिरली आणि तिथली बेटं पुढे कुणी, कशी ताब्यात घेतली, या एकाच विषयावर त्यांनी चाळीसहून जास्त वर्षं काढली. घर विकायचं ठरलं तेव्हा एका ग्रंथालयाने त्यांचे संशोधनाचे कागद घ्यायचं कबूल केलं, पण नीट लावून, यादीसकट आणि सप्टेंबरअखेर. पुण्यात मी सत्तावीस वर्षं हस्तलिखितांच्या विभागात होते, मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडण्या-बांधण्यातच नोकरी गेली. आता कॅनबेराला मुलाकडे असते. प्राध्यापकांच्या पत्नींना म्हटलं, मी करते.

खालच्या नोंदी त्या त्या दिवशी लिहिलेल्या आहेत. कुणाच्या वडिलांचे, कुणाच्या गुरुजींचे कागद माळ्यावर पडून असतील तर त्यांच्या उपयोगी पडाव्यात, म्हणून चुका काढून टाकलेल्या नाहीत.

3 जून 2024

गॅरेज उघडलं. केळ्यांची आणि वाइनची मिळून 41 खोकी, लोखंडी कपाटं दोन, कार्डांचे खण नऊ, मायक्रोफिल्मची 23 रिळं, कॅसेट 31, फ्लॉपी 64, गुंडाळलेले नकाशे एका पिंपात. प्रत्येक खोक्यावर निळ्या खडूने आकडा. सकाळी थंडी एवढी की बोटं वळेनात, म्हणून तेलाचा हीटर आणून टेबलाशेजारी ठेवला.

नातू सोबत होता. त्याने मोबाइलवर दोन-तीन फोटो काढले. मी म्हटलं, फोटो नंतर काढ, आधी हे खोकं उचल.

खालच्या ओळीतल्या खोक्यांना कधीकाळी पाणी लागलेलं दिसतंय. चार खोक्यांत कसर जिवंत आहे.

5 जून

कसर लागलेल्या चार खोक्यांचं काम पहिल्यांदा. कागद गठ्ठ्यांनी जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत घातले, हवा काढून तोंडं चिकटवली आणि बाईंच्या (प्राध्यापकांच्या पत्नींच्या) मोठ्या फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर ठेवले. दोन आठवडे हलवायचे नाहीत. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं आणि किड्याने केलं त्याहून मोठं नुकसान पाण्याने होतं. डांबरगोळ्या वापरू नका. वास वर्षानुवर्षं जात नाही आणि अंडी तशीच राहतात.

10 जून

स्टेशनरीच्या एका दुकानातून 30 बॉक्स आणले, 210 डॉलर. वर ‘अर्काइव्ह’ असं छापलेलं होतं. संध्याकाळी आम्लता तपासायच्या पेनाने आतून रेघ ओढली तर पिवळी उमटली. जांभळी यायला हवी होती. म्हणजे हा पुठ्ठाच कागदाला खाणार. दुकानदार परत घेईना. आधी एक बॉक्स आणून तपासायला हवा होता.

12 ते 21 जून

या दहा दिवसांत मी सगळ्यात मोठी चूक केली. करताना मात्र काम झपाट्याने चाललंय म्हणून समाधान वाटत होतं.

खोकी उघडली तर आतली मांडणी कळेना. एकाच खोक्यात स्पॅनिश रोजनिशीची नक्कल, त्याखाली इंग्रजी लॉगबुकची झेरॉक्स, मध्येच फ्रेंच पत्र, मग एखाद्या बेटावरच्या म्हाताऱ्या माणसाच्या मुलाखतीचं टंकलिखित. मी ठरवलं, देशवार लावू. स्पेन, पोर्तुगाल, डच, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, अमेरिका. कुणालाही समजेल अशी विभागणी. फोल्डर काढून नव्या बॉक्समध्ये भरत गेले (हे बॉक्स तपासून आणलेले, प्रत्येकी 14 डॉलर), जुनी ओलसर खोकी चपटी करून रद्दीच्या पिंपात टाकली. खडूचे आकडे खोक्यांबरोबर गेले.

24 जून

देशवार मांडणीत दोन फोल्डर चुकीच्या जागी गेल्याचं आज लक्षात आलं.

‘ॲमस्टरडॅम 1643’ असं लिहिलेलं फोल्डर मी डच दफ्तरखान्याच्या पत्रव्यवहारात घातलं होतं. उघडून वाचलं तर ते टोंगाचं निघालं. डच दर्यावर्दी आबेल टास्मान जानेवारी 1643 मध्ये तिथे पोचला आणि त्याने टोंगाटापू बेटाला ॲमस्टरडॅम, एउआला मिडेलबर्ग आणि नोमुकाला रॉटरडॅम अशी नावं दिली. इंग्रज कप्तान कुक एकशे तीस वर्षांनी गेला तेव्हाही जुन्याच डच नावांनी लिहीत होता.

दुसरं ‘सँडविच बेट’. मी हवाईत टाकलं. हवाईला कुकने 1778 मध्ये सँडविच बेटं म्हटलं ते खरं, पण त्याआधी 1774 मध्ये आज वानुआटूत असलेल्या एफाटेलाही त्याने सँडविचच म्हटलं होतं, सँडविच या त्याच इंग्रज उमरावाच्या नावाने. एक बेट, दुसरा द्वीपसमूह. एकवचन-अनेकवचनाकडे माझं लक्ष गेलं नाही.

आता भिंतीवर एक कोष्टक लावलंय: फ्रेंडली आयलंड्स म्हणजे टोंगा, नॅव्हिगेटर्स म्हणजे सामोआ, सॅव्हेज आयलंड म्हणजे नीउए, प्लेझंट आयलंड म्हणजे नाउरू, ओशन आयलंड म्हणजे बानाबा. यादीत पहिल्यांदा आजचं, तिथल्या लोकांचं नाव आणि मग जहाजवाल्यांनी दिलेलं. नीउएच्या लोकांनी कुकला किनाऱ्यावरून हाकललं म्हणून त्याने त्यांच्या बेटाला ‘रानटी’ नाव दिलं. ते नाव मी यादीत पहिलं लिहिणार नाही.

27 जून

फॅक्स. 1990च्या आसपासचे साठेक, चकचकीत कागदावरचे. अक्षरं फिकी पडलेली. गुंडाळी सपाट व्हावी म्हणून काल संध्याकाळी टेबलावर वजनाखाली पसरून ठेवले आणि हीटर चालू राहिला. सकाळी कडेचे पाच कागद काळे पडलेले होते. हा कागद उष्णतेनेच छापला जातो, त्यामुळे ऊब मिळाली की सगळाच रंगतो. त्यातलं एक पत्र फिजीतल्या सुव्हाहून आलेलं होतं, त्याची दुसरी प्रत कुठेही नाही.

उरलेले त्याच दिवशी स्कॅन केले. स्कॅनमध्ये उजळ-गडद फरक वाढवला की डोळ्यांना न दिसणारी अक्षरंही बरीच वाचता येतात. फॅक्स हाती लागले की दुसरं काही करायच्या आधी स्कॅन करा.

2 जुलै

कार्डांचे खण. एक ते सहा पांढरी कार्डं, तारीखवार. प्रत्येक कार्डावर जहाज, जागा, घटना. 

कुकच्या पहिल्या सफरीच्या कार्डांवर जागोजाग दोन तारखा, दुसरी लाल पेन्सिलीने. ‘19/20 एप्रिल 1770’ असं. मला वाटलं प्राध्यापकांना खात्री नव्हती. एक्सेलमध्ये भरताना मी पहिली ठेवली, दुसरी गाळली. तीन दिवसांत साडेतीनशे कार्डं भरली.

8 जुलै

पुन्हा सगळी साडेतीनशे.

आज एका कार्डाच्या पाठीमागे त्यांच्या हातचं गणित दिसलं. जहाजाचा दिवस मध्यरात्री बदलत नसे, दुपारी बारा वाजता बदले, आणि तोही आपल्या दिवसाच्या बारा तास आधी सुरू होई. म्हणजे जहाजावरची 29 तारखेची दुपार ही जमिनीवरची 28ची दुपार. शिवाय कुक पश्चिमेकडे जात राहिला, आणि आज जिथे आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे ती ओलांडल्यावर एक दिवस वाढवायचा, ते त्याने केलंच नव्हतं. बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला पोचल्यावर ऑक्टोबर 1770 मध्ये त्याने तारीख जुळवून घेतली.

म्हणून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सकाळच्या घटनेला एक दिवस मिळवायचा. त्याच्या रोजनिशीत 19 एप्रिलला सकाळी जमीन दिसली, ती आजच्या हिशेबाने 20 एप्रिल. दुपारनंतरच्या घटनेला मात्र एक वजा, एक अधिक, म्हणजे तारीख तीच. बॉटनी बेला तो दुपारी उतरला, रोजनिशीत 29 एप्रिल, आणि आजही 29 एप्रिलच.

मला हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं. सुहूर सनाचं साल मृगाला बदलतं, शकाचं पाडव्याला, आणि जंत्री हाताशी असल्याशिवाय पेशवाईतल्या एकाही कागदाची तारीख मी कधी लिहिली नव्हती. समोर इंग्रजी महिना दिसला म्हणून जंत्री लागणार नाही असं धरून चालले.

आता एक्सेलमध्ये दोन रकाने आहेत: कागदावरची तारीख आणि आजची तारीख. एक सूचना: एक्सेलला 1900च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळत नाही. ती अक्षरं समजूनच भरा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, 1770-04-20 अशी. मग क्रमवारी आपोआप लागते.

11 जुलै

खण सातवा. वर चिठ्ठी नाही. आत हिरवी कार्डं, बाराशेच्या आसपास.

ही माणसांची कार्डं आहेत, आणि सगळी बेटांवरची माणसं. तुपाइया, रायातेआचा धर्मगुरू आणि दर्यावर्दी, जो कुकच्या जहाजावर ताहितीहून निघाला आणि ज्याच्या सांगण्यावरून बेटांचा नकाशा काढला गेला. आहुतोरू, जो फ्रेंच कप्तान बूगँव्हिलबरोबर पॅरिसला गेला आणि परतताना 1771 मध्ये देवीने वारला. माई, जो 1774 मध्ये लंडनला पोचला. माईच्या एका कार्डावर नावाची अकरा रूपं लिहिली आहेत, ओमाई, ओमाया वगैरे, आणि खाली टीप: सुरुवातीचा ‘ओ’ नावाचा भागच नाही, ‘हा माई आहे’ यातला ‘हा आहे’ तेवढा तो. इंग्रजांनी तो नावाला चिकटवला, जसा ‘ओटाहाइटे’मध्ये ताहितीला.

ज्यांचं नाव मिळालं नाही त्यांचीही कार्डं आहेत. ‘होडीच्या नाळेवरचा म्हातारा, पांढरं कापड.’ ‘मुलगी, वय बारा असावं, खिळा परत दिला.’ चाळीस वर्षं हा माणूस जहाजवाल्यांच्या रोजनिश्यांतून किनाऱ्यावरची माणसं एकेक करून वेचत होता. संध्याकाळ होऊन गेली तरी मी उठले नाही.

प्रत्येक कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात छोटे आकडे आहेत, 9/3, 22/6 असे. कार्ड केल्याची तारीख असणार.

15 जुलै

ती तारीख नाही.

एक्सेलने 9/3चं ‘9 मार्च’ केलं, ते मला बरोबरच वाटलं. मग एक कार्ड आलं: तायाता, तुपाइयाबरोबरचा मुलगा, डिसेंबर 1770 मध्ये बटाव्हियाला तुपाइयाच्या काही दिवस आधी वारला. कोपऱ्यात 22/17. सतरावा महिना नसतो.

बावीस म्हणजे बाविसावं खोकं. सतरा म्हणजे त्यातलं सतरावं फोल्डर.

बाराशे कार्डं ज्या आकड्यांकडे बोट दाखवतात ते आकडे निळ्या खडूने खोक्यांवर होते. खोकी मी महिन्याभरापूर्वी रद्दीत दिली, आणि आतली फोल्डरं देशवार वाटून टाकली.

आज काम केलं नाही. बाईंना जाऊन सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “तो मला कधी त्या खोक्यांना हात लावू देत नसे. आता कळलं का ते.”

16 जुलै

नातवाला जेवताना सांगितलं. तो म्हणाला, “आजी, माझ्याकडे पहिल्या दिवसाचे फोटो आहेत की.”

तीन फोटो. मोठे करून पाहिले. 41पैकी 26 खोक्यांचे आकडे वाचता येतात, आणि झाकण नसलेल्या अकरांमधली वरची फोल्डरंही दिसतात. कामाची पहिली पायरी फोटो ही आहे हे मला माहीत होतं, इतरांना मी तेच शिकवलं होतं, आणि त्या दिवशी थंडीपायी मी त्यालाच थांबवलं होतं. प्रत्येक खोकं, प्रत्येक बाजूने, उघडायच्या आधी आणि उघडल्यावर. यात पाच मिनिटंही वाचवू नका.

17 जुलै ते 21 ऑगस्ट

पाच आठवडे मूळ क्रम परत लावण्यात गेले. ज्यांची गाठ अशा कामाशी पडेल त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

गंज: जुन्या क्लिपा आणि टाचण्या गंजल्या की डाग शेजारच्या कागदावर उमटतो. एका फोल्डरच्या शेवटच्या पानावर क्लिपेचा तपकिरी ठसा, आणि दुसऱ्या फोल्डरच्या पुठ्ठ्यावर त्याचंच उलटं चित्र. दोन्ही उजेडात धरून जुळवायचे. पन्नासहून जास्त जोड्या अशा मिळाल्या. नशिबाने क्लिपा काढल्या तरी मी पुठ्ठे बदलले नव्हते.

पाणी: खालच्या ओळीतल्या खोक्यांत पाण्याची रेघ आहे. एका फोल्डरवर रेघ जिथे संपते तिथूनच पुढच्यावर सुरू होते. गठ्ठा उभा धरला की लाट दिसते आणि मधलं फोल्डर गहाळ असेल तर लाट तुटते.

कसर: कीड फोल्डरची हद्द पाळत नाही. एक भोक चार फोल्डरांतून आरपार गेलं होतं. त्यातून विणायची बारीक सुई घातली तर चारही फोल्डर एका क्रमात बसली. 

कार्डं स्वतःच: 22/6 म्हणणारी सात कार्डं असतील आणि ती सातही माणसं एकाच फोल्डरमध्ये भेटत असतील तर ते फोल्डर 22/6. हे सगळ्यात संथ पण सगळ्यात पक्कं.

1 ऑगस्ट (वरच्या कामातलीच, वेगळी लिहावीशी वाटली)

क्रम परत येऊ लागला तशी त्यांची मांडणी कळली. खोकं म्हणजे एक किनारा. देश नाही, सफर नाही, बेटही नाही. जिथे भेट झाली ती जागा. ताहितीतल्या माताव्हाईच्या उपसागरात 1767 मध्ये इंग्रज कप्तान वॉलिस आला, 1769 मध्ये कुक; ते एका खोक्यात. बूगँव्हिल 1768 मध्ये त्याच ताहितीला आला पण पूर्वेकडे हितियाला उतरला. त्याचं खोकं वेगळं, कारण त्याला भेटलेली माणसं वेगळी. न्यूझीलंडच्या ज्या उपसागरात 18 डिसेंबर 1642 ला टास्मानची जहाजं थांबली, न्गाती तूमाताकोकीरी लोकांनी शिंगं फुंकली, डचांनी तुताऱ्या वाजवून उत्तर दिलं आणि दुसऱ्या दिवशी चार खलाशी मारले गेले, त्या एका जागेला अख्खं खोकं दिलेलं.

ताउतिराचं फोल्डर आज जुळलं. ताहितीच्या त्या टोकाला स्पॅनिश लोक 1774 मध्ये दोन पाद्री सोडून गेले. त्यांचा कप्तान बोएनेचेआ जानेवारी 1775 मध्ये तिथेच वारला, तिथेच पुरला. पाद्री वर्षभरात परत गेले, लाकडी क्रूस राहिला. त्यावर कोरलं होतं की ख्रिस्त जिंकतो, तिसरा कार्लोस राज्य करतो, 1774. कुक 1777 मध्ये आला, त्याने तोच क्रूस उलटा केला आणि मागच्या बाजूला आपल्या राजाचं, तिसऱ्या जॉर्जचं नाव आणि इंग्रज जहाजं आली ती वर्षं कोरून घेतली: 1767, 69, 73, 74, 77. पहिला आकडा स्पेनच्या आधीचा, म्हणजे आम्ही आधी आलो.

प्राध्यापकांनी एकाच कागदावर क्रुसाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी काढल्या होत्या, मधोमध घडी. घडीवर फाटून दोन तुकडे झाले होते. मी जूनमध्ये एक तुकडा स्पेनच्या बॉक्समध्ये ठेवला आणि दुसरा ब्रिटनच्या.

आज जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने जोडला. सेलोटेप कधीही लावू नका. या फोल्डरमध्येच 1970च्या टेपचे पिवळे चट्टे आहेत आणि त्याखालची शाई गेली आहे.

23 ऑगस्ट

झेरॉक्सचा प्रश्न. ग्रंथालयाचं म्हणणं, दुसऱ्या दफ्तरखान्यांतल्या कागदांच्या झेरॉक्स नकोत, मूळ कागद तिथे आहेतच. नियम म्हणून ते बरोबर आहे, जागा कुणाकडेच नसते. पण यांच्या झेरॉक्सच्या समासात टिपणं आहेत. स्पेनमधल्या सेव्हिलच्या कागदांच्या नकलांवर तर मजकुरापेक्षा टिपणं जास्त. तीन ढीग केले: कोरी झेरॉक्स (टाकायची, पण तिच्या जागी चिठ्ठी ठेवायची), टिपणांची झेरॉक्स (ठेवायची), आणि मूळ आता कुठे आहे ते कळत नाही अशी (ठेवायची, यादीत खूण करायची). एकूण सोळा किलो कमी झाले. ग्रंथालयाच्या बाईंना टिपणांची दहा पानं दाखवली, त्या लगेच हो म्हणाल्या.

28 ऑगस्ट

मायक्रोफिल्म. सहा डब्यांतून व्हिनेगरचा वास. तपासायच्या निळ्या पट्ट्या डब्यांत घालून एक दिवस ठेवल्या. चार हिरव्या झाल्या, दोन पिवळ्या. पिवळी म्हणजे फिल्म आटायला, सुरकुतायला लागलीय आणि हा रोग वासाबरोबर शेजारच्या रिळांना लागतो. सहाही वेगळ्या खोलीत नेली. दोन पिवळ्या पहिल्यांदा स्कॅनला पाठवल्या.

फ्लॉपी 64पैकी 47 वाचल्या गेल्या. यूएसबीचा ड्राइव्ह 38 डॉलर. घालण्याआधी कोपऱ्यातली खिडकी सरकवून लिहिणं बंद करा, मग कॉपी, मग उघडा. वर्डपर्फेक्टच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात.

3 सप्टेंबर

कॅसेट. बेटांवरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या कहाण्या, 1970 आणि 80ची दशकं. परवानगीचा कागद फक्त नऊ जणांचा आहे. दोन कॅसेटवर सुरुवातीलाच सांगणारा म्हणतो की हे आमच्या घराण्याबाहेर जायचं नाही. त्या दोन्ही मी पुढे ऐकल्या नाहीत. 22 कॅसेट बंद ठेवण्याच्या यादीत घातल्या आणि त्या त्या बेटाकडे कळवून विचारल्याखेरीज उघडू नयेत असं लिहिलं.

9 सप्टेंबर

फिजी, खोकं 34. 10 ऑक्टोबर 1874 ला लेव्हुकाला फिजी ब्रिटनच्या ताब्यात देण्याचा करार, पुढच्याच वर्षी गोवराची साथ आणि त्यात हजारोंनी मेलेले फिजियन लोक, मग उसाच्या मळ्यांना मजूर हवेत म्हणून 14 मे 1879 ला कलकत्त्याहून आलेलं ‘लिओनिडास’ जहाज. गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, पासांच्या नकला: नाव, बापाचं नाव, जिल्हा, गाव, उंची, अंगावरची खूण. बस्ती, गोंडा, आझमगड. एका पासावर खूण म्हणून ‘डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण’ एवढंच.

त्याच फोल्डरमध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या 4 मार्च 1912च्या भाषणाची नक्कल सापडली. गिरमिटची पद्धतच बंद करा, असा ठराव त्यांनी कलकत्त्याच्या कौन्सिलात मांडला आणि तो पडला. भरती 1917 मध्ये थांबली, उरलेले करार 1 जानेवारी 1920 ला रद्द झाले. गोखले तोवर राहिले नव्हते. कॅनबेराच्या गॅरेजात हे भाषण हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते.

हिरव्या खणात हिंदुस्थानातला एक माणूसही आहे, लस्कर म्हणजे जहाजावरचा खलाशी. ‘जो, लस्कर, टिकोपिया.’ पीटर डिलन या जहाजवाल्याने 1813 मध्ये त्याला टिकोपिया बेटावर सोडलं आणि 1826 मध्ये परत आला तेव्हा याच्याकडे तलवारीच्या मुठीचं चांदीचं कडं होतं. त्या कड्याच्या मागावर ईस्ट इंडिया कंपनीने कलकत्त्याहून ‘रिसर्च’ जहाज पाठवलं आणि 1827 मध्ये व्हानिकोरो बेटाला फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूझच्या बेपत्ता जहाजांचा छडा लागला. लस्कराचं खरं नाव कार्डावर नाही. तिथे प्रश्नचिन्ह आहे, तीनदा गिरवलेलं.

18 सप्टेंबर

यादीचा पहिला खर्डा ग्रंथालयाला दाखवला होता, तो मी मागे घेतला. त्यात मथळे असे होते: ‘कुक, बॉक्स 4 ते 11’, ‘टास्मान, बॉक्स 2’. मांडणी त्यांची ठेवली तरी नावं मी जहाजवाल्यांचीच लिहिली होती. ताहितीतल्या एखाद्या मुलीने आपल्या पूर्वजाचं नाव शोधलं तर तिला या यादीत काहीच मिळालं नसतं, आणि प्राध्यापकांनी तर बाराशे कार्डं नेमकी त्यासाठीच केली होती.

नवा खर्डा: मथळ्यात किनारा, मग तिथल्या माणसांची नावं मिळतील तेवढी, मग जहाज. हिरवा खण पूर्ण एक्सेलमध्ये, नावाच्या सगळ्या रूपांसकट. खोकं आणि फोल्डर यांचे दोन वेगळे रकाने, म्हणजे एक्सेल त्याची तारीख करणार नाही. यात दहा दिवस गेले. नातवाने रोज संध्याकाळी दोन तास नावं वाचून दाखवली, त्याच्याशिवाय झालं नसतं.

29 सप्टेंबर

हिशेब: चुकीचे बॉक्स 210 डॉलर, बरोबरचे 62 बॉक्स 868, फोल्डर 288, फिल्मच्या पट्ट्या 55, आम्लतेचं पेन 12, फ्लॉपी ड्राइव्ह 38, हातमोजे आणि मास्क 40, ब्रश 18. एकूण 1,529. स्कॅनिंगचे पैसे ग्रंथालयाने दिले. वेळ साधारण 340 तास, त्यातले 130 माझ्याच चुका निस्तरण्यात.

41पैकी 38 खोक्यांचा क्रम पक्का लागला. तीन खोक्यांत आतली फोल्डरं पुढेमागे असू शकतात, तसं यादीत लिहिलंय.

30 सप्टेंबर

गाडी दहाला आली. निघायच्या आधी बाविसाव्या खोक्याचे बॉक्स शेवटचे उघडून पाहिले. फोल्डर सोळाच. सतरावं कपाटात नाही, गॅरेजात नाही, बाईंनी घरात शोधलं तिथेही नाही. जूनमध्ये माझ्या हातून जुन्या खोक्याच्या तळाशी राहून रद्दीत गेलं असेल का, हा विचार महिनाभर डोक्यात आहे.

एक कोरं फोल्डर घेतलं, त्यावर पेन्सिलीने 22/17 लिहिलं आणि सोळाच्या मागे ठेवलं. आत चिठ्ठी: ‘तायाता. कार्ड खण 7 मध्ये आहे. फोल्डर मिळालं नाही.’ खाली तारीख आणि माझी सही.